कान डोंगराकडे

उंबरवाडीत गाणं कुणी लिहीत नाही, रचत नाही. तिथं गाणं जोडतात. गौरीच्या सणाला बायका फेर धरतात, आधी जुनी गाणी होतात आणि शेवटी एक नवं गाणं लागतं. ते जोडायचं काम कित्येक वर्षं चंद्राबाई उतेकरचं होतं.

पोलादपूर सोडून गाडी कशेडीच्या दिशेला लागली की डावीकडे आत एक कच्चा रस्ता फुटतो. तो डोंगर चढत चढत जिथं संपतो तिथं ही वाडी. चंद्राबाई लग्न होऊन आली तेव्हा तो रस्ताही नव्हता. नवरा गोमाजी मुंबईला कापडाच्या गोदामात कामाला. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, आणि गेला की घर पुन्हा बायकांचं. घरात थोरली जाऊ राहीबाई. तिचा स्वभाव कडक, बोलणं मोजकं. नव्या नवरीला बोलायला माणूस नव्हतं. मग ती स्वतःशीच बोलायला लागली, आणि बोलता बोलता त्याला चाल लागली.

पहिलं गाणं तिनं लावणीच्या चिखलात जोडलं. आदल्या दिवशी ती माहेरी जायला खाली फाट्यावर उभी होती आणि एस्टी तिच्यासमोरून न थांबता निघून गेली होती.

‘यष्टी आली, यष्टी गेली, हात नुसता दावला
कंडक्टर मेला हसून बोलला, थांबा पुढं गेला’

बाजूच्या बायका चिखलातच हसत बसल्या. राहीबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, “दुसरी ओळ लंगडते गो.” चंद्राबाईनं पुन्हा म्हणून पाहिली. खरंच लंगडत होती. तिथपासून दोघींचं जमलं. राहीबाईला जन्मात एक ओळ जोडता आली नाही, पण वाकडी ओळ तिला बरोबर टोचायची.

गाणं यायचं ते पावसातूनच. लावणीला वाकलं की पाठीवरच्या इरल्यावर पाऊस वाजायचा. कधी सरळ, कधी तिरका, मधेच दम खाऊन पुन्हा. त्या वाजण्यावर चंद्राबाईचे शब्द आपोआप बसायचे. पुढं इरली गेली, प्लास्टिकचे कागद आले, तरी पाऊस वाजायचाच. गौरी येईपर्यंत गाणं तयार. कुणाच्या सुनेनं पहिल्यांदा गॅस पेटवला त्याचं गाणं, गोमाजी नोकरी संपवून कायमचा घरी आला आणि तिसऱ्याच दिवशी चुलीजवळ लुडबुडायला लागला त्याचंही गाणं. ते ऐकून गोमाजी दोन दिवस बोलला नव्हता.

मग तो जुलै आला.

महाडकडच्या तळीये गावावर डोंगर कोसळून उतरला तेव्हा उंबरवाडीत वीज नव्हती, फोन लागत नव्हते. बातमी उशिरा आली, आणि तुकड्यातुकड्यानं आली. तिकडची एक बाई पोलादपूरच्या बाजारात चंद्राबाईच्या शेजारी भाजीचा वाटा लावून बसायची. दोघी एकमेकींकडे सुटे मागायच्या, एकीनं लघवीला जायचं तर दुसरी वाटा राखायची. नाव विचारायचं कधी राहूनच गेलं होतं. ती पुन्हा बाजारात आली नाही. ती गेली की कुठं नातेवाइकांकडे राहायला गेली, हे चंद्राबाईला कळलं नाही. कुणाला विचारायचं तर नाव सांगावं लागलं असतं.

त्याच पावसात उंबरवाडीच्या वर, भाताच्या शेवटच्या खाचराच्या मागे, जमिनीला एक भेग पडली. माणसाचा पाय जाईल एवढी. सरकारी माणसं आली, फोटो काढून गेली. वाडी धोक्याच्या यादीत आली. दर पावसाळ्यात नोटीस यायची, की जोर वाढला तर खालच्या गावच्या शाळेत जाऊन राहा. गोमाजीनं आपल्या परीनं उपाय केला. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यानं मधे सुतळी ताणली. रोज सकाळी तो वर जायचा आणि सुतळीला बोट लावून यायचा.

“काय म्हनतीय?” चंद्राबाई विचारायची.

“हाय तशीच हाय.”

ते ऐकलं की तिच्या घशाखाली चहा जायचा.

त्या वर्षी गौरीला कुणी नवं गाणं मागितलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी दर्शना म्हणाली, “काकी, औंदा जोडा की काहीतरी.” दर्शना वाडीतली तरणी सून, बचत गटाचं पाहणारी, तोंडानं फटकळ आणि पायाला भिंगरी. चंद्राबाई ‘बघू’ म्हणाली. लावणीला वाकली. पाठीवर पाऊस वाजायला लागला, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण चाल ऐकतच नाही. आपण पावसाच्या मागचं ऐकतोय. दगड घरंगळला का, माती सुटली का, ओढ्याचं पाणी एकदम गप्प झालं का. पाऊस जरा वाढला की हातातली रोपं तशीच राहायची आणि मान वर जायची. शब्द जवळ यायला लागला की कान त्याला हाकलून द्यायचा.

तिनं नाना तऱ्हा केल्या. डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन चढण चढली, पूर्वी तशानं तोंड सुटायचं. जुनी गाणी गुणगुणत भाकऱ्या थापल्या, त्यांच्या मागोमाग एखादं नवं येईल म्हणून. ग्रामदेवतेला नारळ ठेवला, पण काय मागायचं ते देवीपुढं उच्चारायची लाज वाटली. माणसं मुलं मागतात, नोकरी मागतात. गाणं मागायचं म्हणजे काय? लोक हसतील. देवीही हसेल.

मुंबईहून मुलगा राजेश फोन करायचा. तो टेम्पो चालवायचा, दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहायचा. “आये, इकडं ये. पावसाचे चार महिने तरी ये. मला झोप लागत नाय तिकडं पाऊस पडला की.”

“नि हितं तुझ्या बाला कोन बघंल?”

“बाला पन घेऊन ये.”

“तो सुतळी सोडून येतोय व्हय!”

फोन ठेवला की तिला आणखी एक धास्ती वाटायची, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. डोंगर यायचा तेव्हा येईल, नाहीही येणार. पण आपल्या आत जे होतं ते गेलंच असेल तर? गाणं जोडणारी चंद्राबाई म्हणून तिला वाडी ओळखत होती. ते गेलं की उरते कोण? गुडघे दुखणारी एक म्हातारी. अशा पोलादपूर तालुक्यात पायलीच्या पन्नास.

शेवटी तिला वाटलं, कानच गेले असतील. ती दर्शनाला घेऊन महाडला कानाच्या डॉक्टरकडे गेली. बाजारपेठेतून जाताना दुकानांच्या भिंतींवर त्याच जुलैतल्या पुराच्या पाण्याची रेघ अजून कुठं कुठं दिसत होती, माणसाच्या डोक्याच्याही वर. त्या रेघेखाली दुकानदार निवांत कापड मोजत होते. चंद्राबाई थबकून बघत राहिली. यांना पाऊस आला की काय ऐकू येत असेल?

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कानात बत्ती घालून पाहिलं, यंत्र लावलं, आवाज ऐकवले.

“आजी, तुमचे कान उत्तम आहेत. या वयात इतकं बारीक ऐकू येणारे फार थोडे. तुम्हाला नेमकं काय ऐकू येत नाही?”

चंद्राबाईनं दर्शनाकडे पाहिलं. मग टेबलावरच्या काचेकडे. “काय नाय,” ती म्हणाली, “असंच आपलं.” आणि पदर सावरून उठली.

परतीच्या एस्टीत दर्शनानं विचारलं, “काकी, खरं सांगा, काय होतंय?”

“माज्यातलं आटलंय गो.”

दर्शनानं पिशवीतला वडापाव काढून अर्धा तिच्या हातात दिला.

राहीबाईला मात्र सांगावंच लागलं नाही. ती आता पार वाकली होती, दिवसभर पडवीत बसून असायची. एक दिवस चंद्राबाई तिच्या पाठीला तेल लावत होती, तेव्हा ती मागं न बघता म्हणाली, “जोडता येत नाय तर उसव.”

“काय उसवू?”

“जुनी गानी. तुझीच. एस्टीचं घे. उसव नि बघ कसं जोडलं व्हतंस ते. गोधडी शिवनारी बाय काय नवं कापड घेऊन बसते काय?”

चंद्राबाईला राग आला. हिनं आयुष्यात एक ओळ जोडली नाही, आणि ही शिकवणार! पण दुसरं हाताशी काही नव्हतं. ती रोज दुपारी एक जुनं गाणं घ्यायची, त्यातला एक शब्द काढायची, दुसरा घालायची. बहुतेक वेळा आधीचाच बरा होता असं निघायचं. ‘कंडक्टर मेला’च्या जागी काहीच बसेना. त्यातून गाणं काही आलं नाही. फक्त एवढंच झालं, की त्या घटकाभरात कान डोंगराकडून जरा घरात यायचे. मग वर कुठं खडा वाजायचा आणि परत जायचे.

त्या वर्षी गणपती बसले तेव्हा पाऊस ओसरेल असं सगळ्यांना वाटत होतं. मुंबईची माणसं आली होती, घराघरात आरत्या चालल्या होत्या. राजेशला सुट्टी मिळाली नव्हती. गौरी यायच्या आदल्या दिवशी पावसानं असा जोर धरला की समोरचं घर दिसेना. सकाळी गोमाजी वरून धावत आला. त्याला धावताना चंद्राबाईनं कधी पाहिलं नव्हतं.

“सुतळी तुटली,” तो म्हणाला.

दुपारच्या आत खालून निरोप आला, वाडी रिकामी करा. एरवी निघाले असते, पण घराघरात गणपती बसलेले. बसलेला गणपती उठवायचा कसा? नि दिवा विझू द्यायचा कसा? पडवीत उभ्याउभ्या पुरुषांची वादावादी झाली. शेवटी ठरलं की बायका, पोरं, म्हातारी माणसं खाली जातील. थोडे गडी वर राहतील आणि घरोघरी दिवा लावतील. अधिकाऱ्यांना कळलं तर ओरडतील, ओरडू देत. राहणाऱ्यांत गोमाजी होता.

“तुमचं वय काय, तुमी काय राहाता?” चंद्राबाई म्हणाली.

“मला भेग ठावी हाय. ह्या पोरांना काय ठावं?”

“भेग ठावी असून काय करनार? हात लावून थांबवनार?”

गोमाजीनं तिची पिशवी उचलून दारापर्यंत आणून दिली. तिनं कडी घातली. आत दुधाचं पातेलं चुलीवरच राहिलं, हे तिला अर्धी वाट उतरल्यावर आठवलं.

राहीबाईला पाठुंगळी मारून आणलं. शाळेचे दोन वर्ग मिळाले. बाकं भिंतीला लावली, सतरंज्या अंथरल्या. दुसऱ्या दिवशी बायकांनी शाळेमागच्या उतारावरून तेरडा उपटून आणला आणि त्याचीच गौर करून बाकावर बसवली. दर्शनानं आपली नवी साडी तिला नेसवली. फळ्यावर मुलांचे पाढे तसेच होते. त्यांच्यासमोर गौराई बसली. बायकांनी हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि मग कुणाला काय करावं कळेना. फेर धरायला जागा नव्हती आणि मनही नव्हतं. फोनला रेंज नव्हती. वरची काही खबर नव्हती.

दुपार कलली असेल. एकदम वरून आवाज आला. गडगडाटासारखा, पण तो आभाळातून नव्हता. तो जमिनीतून पायांना कळला.

सगळ्या व्हरांड्यात धावल्या. समोर धुकं आणि पाऊस. डोंगर आहे की नाही तेही दिसेना. एक पोरगी रडायला लागली, तिच्या मागोमाग तिची आई. दर्शना पायऱ्या उतरून रस्त्याला लागली होती, तिला दोघींनी धरून मागं आणलं. मग सगळं शांत झालं. ती शांतता चंद्राबाईला सोसवेना. इतकी वर्षं ज्या आवाजाची ती वाट पाहत होती तो येऊन गेला होता. आता ऐकायला काही उरलं नव्हतं. कान मोकळे झाले होते. काहीतरी धरायला हवं म्हणून तिनं खांब धरला, आणि तोंडातून निघालं ते तिलाही नंतर ऐकू आलं.

‘दार लावलं, कडी घातली, कुलूप नाय गो लावलं
चुलीवरचं दूध माजं तितंच नासाय ठेवलं’

बायकांनी वळून पाहिलं. एकीला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. चंद्राबाई तेच पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला आणि पुढचं काही येईना. तिनं दर्शनाचा दंड धरला.

“तू काय ठेवून आलीस? सांग.”

“काय?”

“काय ठेवलंस वर? सांग गो लवकर.”

“शेळी. गाभण हाय. खाली आणता येईना, दावं सोडलं नि आले. ती मागं येत व्हती काकी, मी दगड मारला तिला.”

चंद्राबाईनं डोळे मिटले.

‘गाभण शेळी मागं आली, दगड मारून हाकलली
तिनं वळून पाहिलं गो, मान मीच खाली घातली’

“लंगडते,” आतून आवाज आला. राहीबाई भिंतीला टेकून बसली होती. “नि पयल्याशी जुळत नाय. ‘लं’वर ने, ‘लं’वर.”

चंद्राबाई एवढ्यातही चिडली. “मग तूच सांग की, काय ठेवलंस वर?”

“माजं लुगडं. वलनीवर. मरताना नेसायचं काढून ठेवलेलं.”

‘मरताना नेसायचं लुगडं वलनीवर राहिलं
गौराबाय गो उतर खाली, घर वरती राहिलं’

आता दुसरी एक बाई पुढं आली. मग तिसरी. कुणाचा भोपळ्याचा वेल, कुणाचा नवऱ्याचा फोटो, कुणाची नुकती आणलेली शिलाई मशीन. एक जण म्हणाली, “माजं तर माणूसच वर हाय,” आणि तिथं सगळ्याच थांबल्या, कारण चंद्राबाईचंही तेच होतं. त्याची ओळ काही तिला जोडता आली नाही. ती नुसतंच ‘घर वरती राहिलं’ म्हणत राहिली आणि बायका तिच्या मागून म्हणत राहिल्या. व्हरांड्यातच, एकमेकींना धरून. कुणी रडत होती, कुणी म्हणत होती, कुणी दोन्ही. भीती तसूभर कमी झाली नव्हती. पण पोरं रडायची थांबून आयांच्या तोंडांकडे बघत होती.

अंधार पडायच्या जरा आधी गडी खाली उतरले. सगळे. चिखलानं माखलेले, ओळखू येत नव्हते. गोमाजी शेवटी आला, पाय ओढत. दर्शनाच्या नवऱ्यानं खबर सांगितली, की दरड वाडीच्या अंगावर आली नाही, बाजूनं ओढ्यात गेली. घरं उभी आहेत. पण दरड जाताना वरची खाचरं घेऊन गेली.

“आपलं?” चंद्राबाईनं विचारलं.

“आपलं पन,” गोमाजी म्हणाला. “भात गुडघ्याला लागलं व्हतं.”

तो व्हरांड्याच्या कडेला बसला. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. आतून बायका अजून हळू आवाजात तेच म्हणत होत्या. त्यानं विचारलं, “ह्या काय गातायत?”

“मी जोडलंय.”

“आत्ता?” त्याचा आवाज चढला. “तिकडं वावर गेलं, आनि हितं तू गानी जोडतीस?”

तिला ते लागलं. पण त्याचं चुकलं असंही तिला वाटलं नाही. तिनं त्याच्यासाठी चहा मागितला. तो पीत असताना ती त्याच्या शेजारी बसून राहिली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून.

शाळेत ते बरेच दिवस राहिले. पाऊस उघडल्यावर गणपतींचं घाईघाईनं विसर्जन केलं. दर्शनाची शेळी सापडली, तिला पाट, म्हणजे मादी करडू, झाली होती. वाडीत परत गेल्यावर दुधाचं पातेलं घासून निघालं नाही, टाकून द्यावं लागलं. गोमाजीनं नव्या खुंट्या ठोकल्या नाहीत. वर खुंटी ठोकायला जागाच उरली नव्हती.

शाळेतलं गाणं दर्शनाला पाठ होतं. पोलादपूरला बचत गटांच्या मेळाव्यात ते म्हणायचं ठरलं. मांडवात माईक समोर आला आणि चंद्राबाई दुसऱ्या कडव्याला अडखळली. शेळीची ओळ जुळत नव्हती ती नव्हतीच. तिनं ती तशीच लंगडी म्हणून टाकली. कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या रांगेत राहीबाई असती तर आलं असतं, असं तिला वाटलं, आणि घरी जाऊन तिनं ते तिला सांगितलं. राहीबाई म्हणाली, “लक्षात आलं तुज्या, बास झालं.”

आता चंद्राबाई एकटीनं जोडत नाही. दुपारी राहीबाईच्या पडवीत दोघी-तिघी जमतात, शेंगा सोलतात, आणि चंद्राबाई विचारते, “काय झालं गो आज?” कुणी सांगतं, कुणी नाही सांगत. कधी एखादी ओळ होते. पुष्कळदा होत नाही, शेंगा सोलून होतात. जुनं उसवणं चालूच आहे. पाऊस आला की तिची मान आजही वर जाते, हात थांबतो, छातीत धडधडतं. ते जाईल असं आता तिला वाटत नाही. धडधड असतानाच तोंडातला शब्द हातचा जाऊ द्यायचा नाही, एवढंच ती करते, आणि तेही रोज जमत नाही.

माघात खालच्या माळावर सरकारी मोजणी झाली. उंबरवाडीची नवी घरं तिथं होणार, कधी ते कुणी सांगत नाही. चुन्यानं आखलेले चौकोन बघायला सगळ्या बायका गेल्या. माळ उघडा, झाड नाही, पाणी लांब. आपला चौकोन कोणता ते दर्शनानं शोधून दाखवलं. चंद्राबाई त्यात जाऊन उभी राहिली. चूल कुठं येईल, दार कुठल्या तोंडाचं होईल, अंदाज घेत फिरली. इथं पाऊस पत्र्यावर कसा वाजेल, तेही तिनं ऐकून पाहायचा प्रयत्न केला.

“काय येतंय काय, काकी?” दर्शनानं विचारलं.

“नाय गो.”

“येईल.”

चंद्राबाईनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. ऊन चढलं होतं. पलीकडच्या चौकोनात एक बाई आपल्या सुनेशी भांडत होती, मोरी कुठल्या बाजूला हवी यावरून. चंद्राबाई ते भांडण ऐकायला जरा पुढं सरकली.